प्लेगने दिलेला साडेत्रेसष्ट अंशांचा कोन

दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा पारसी कॉलनीत संध्याकाळी पाय मोकळे करायला जाणाऱ्या माणसाला तिथली झाडे, सरळ गल्ल्या आणि दोन इमारतींमधली मोकळी जागा पाहून बरे वाटते. पण ही सगळी आखणी प्लेगमुळे झाली असे सांगितले, तर बहुतेकांचा विश्वास बसत नाही. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड, आग्रीपाड्यापासून परळपर्यंत पसरलेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटी चाळी, परळची हाफकिन संस्था आणि २०२० साली आपल्याला घरात बसवणारा कायदा, हे सगळे १८९६ साली मुंबईच्या मांडवीत सुरू झालेल्या एका साथीतून निघाले आहे. आज हे सविस्तर लिहिण्याचे कारण म्हणजे आमच्या इमारतीचा पुनर्विकास घाटतो आहे आणि त्यानिमित्ताने हा इतिहास पुन्हा वाचण्यात आला.

महामाऱ्यांनी इतिहास घडवला, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते अर्धेच पटते. साथ माणसे मारते, शहरे रिकामी करते, बाजार बंद पाडते. पण त्यानंतर काय उभे राहायचे हे साथ ठरवत नाही. ते त्या वेळी ज्यांच्या हातात जमीन, पैसा आणि हुकूम काढण्याचा अधिकार असतो, ते ठरवतात. युरोपात १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने किमान एक तृतीयांश लोकसंख्या नेली. माणसेच उरली नाहीत म्हणून उरलेल्यांची मजुरी वाढली, हे इंग्लंडबाबत खरे आहे. पण तिथल्या जमीनदारांनी १३५१ मध्येच संसदेकडून कायदा करवून घेतला आणि साथीपूर्वीच्या दरापेक्षा जास्त मजुरी मागणे हा गुन्हा ठरवला. तो कायदा पुरता चालला नाही, आणि त्यातली खदखद १३८१ च्या शेतकरी बंडापर्यंत पोहोचली. याउलट जर्मनीतल्या एल्बे नदीच्या पूर्वेकडे पुढच्या दोन-तीन शतकांत शेतकरी जमिनीला अधिकच जखडला गेला. रोग तोच, जंतू तोच, आणि निष्पत्ती अशी दोन टोकांची.

मुंबईतही हेच घडलेले दिसते. १८९७ च्या सुरुवातीला गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर निघून गेले, तेव्हा गिरण्यांच्या मालकांवर नाक्यानाक्यांवर उभे राहून मजूर मिळवण्याची पाळी आली. महिन्याचा पगार थकवून ठेवण्याची रीत असलेल्या या धंद्यात रोजच्या रोज रोख मजुरी द्यावी लागली, आणि एकाच माणसासाठी दोन गिरण्यांचे लोक चढाओढीने बोली लावू लागले. साथ ओसरून माणसे परतली आणि मालकांनी ही सवलत काढून घेतली. २०२० च्या एप्रिल महिन्यात मजूर पायी गावाकडे निघालेले असताना गुजरात सरकारने कारखान्यांना बारा तासांची पाळी लावण्याची मुभा देणारी अधिसूचना काढली होती. ती पुढे ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. साडेसहाशे वर्षांचे अंतर सोडले, तर मला या हालचालींत फार फरक दिसत नाही.

आता मांडवीकडे वळते. बंदराला लागून असलेल्या या भागात धान्याची गोदामे होती, गोदामांत उंदीर होते, आणि वरच्या मजल्यांवर एकेका खोलीत अख्खी कुटुंबे राहत होती. हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेग होता आणि तिथून मुंबईत जहाजांची सतत ये-जा होती. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच असल्याचे निदान केले. सुरुवातीला व्यापाऱ्यांना आणि सरकारला ते मान्य करणे अवघड गेले, कारण प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला दार लावणार हे उघड होते. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर पळाले. जनगणनेत ते स्पष्ट दिसते: १८९१ मध्ये मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार भरली. वाढण्यासाठीच ओळखले जाणारे हे शहर त्या दशकात आकसले.

प्लेग कसा पसरतो हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला जंतू शोधला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. आपल्या गावांतल्या लोकांनी मात्र उंदरांचा संबंध अनुभवाने लवकरच ओळखला होता. उंदीर पडायला लागले की गावच्या गाव माळावर झोपड्या घालून राहायला जाई, आणि ‘प्लेगच्या साली’ जन्मलेली माणसे आपले वय त्या खुणेवरून सांगत. मुंबईच्या अधिकाऱ्यांची समजूत मात्र अशी की रोग दमट जमिनीत, कोंदट हवेत आणि घाणीत मुरलेला असतो. म्हणून गटारांतून समुद्राचे पाणी सोडले गेले, भिंतींवर कार्बोलिकचे फवारे मारले गेले, आणि ऊन आत यावे म्हणून राहत्या घरांची कौले उतरवली गेली. माणसांना राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. ही अक्षरे वाचता न येणाऱ्या माणसालाही त्यांचा अर्थ कळत असणार, कारण त्यापाठोपाठ बिऱ्हाड बाहेर निघत असे.

१८९८ मध्ये याच समजुतीतून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या पाडणे, पश्चिमेचा समुद्रावरचा वारा शहराच्या पोटात यावा म्हणून रुंद रस्ते काढणे, आणि उत्तरेला दादर-माटुंगा-वडाळा-शीव या भागात नव्याने वस्ती आखणे हे त्याचे काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पूर्व-पश्चिम का धावतात, याचे उत्तर या वाऱ्यात आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुढे, १९१२ च्या सुमारास, इमारतींना उजेड मिळावा म्हणून एका कोनाचा हिरिरीने पुरस्कार केला. तळमजल्यावरच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये, असा तो नियम. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर हिशेब सोपा आहे: समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये हवी. साठ फुटांच्या इमारतीपुढे तीस फूट.

यातली गंमत अशी की प्लेगसाठी हा उपाय जवळजवळ गैरलागू होता. पिसवेला साडेत्रेसष्ट अंशांशी काही घेणे-देणे नसते. पण क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, उन्हात फार टिकत नाहीत आणि वाहत्या हवेत विरळ होतात. त्यामुळे चुकीच्या शास्त्रावर उभारलेला हा नियम एका वेगळ्या रोगासाठी अगदी बरोबर ठरला. इतिहासात असे बरेचदा होते, आणि म्हणूनच जुन्या माणसांच्या अज्ञानाला हसण्याची मला घाई वाटत नाही. २०२० मध्ये विषाणू मुख्यतः हवेतून पसरत असताना आपण भाजी साबणाने धूत होतो, आणि बरेलीत गावी परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले गेले होते. १८९७ चे कार्बोलिक आणि हा फवारा यांत वैज्ञानिक प्रगती कुठे शोधायची?

हा उजेड-वारा मिळाला कोणाला, हा खरा प्रश्न आहे. ट्रस्टने पाडापाडी झपाट्याने केली आणि बांधकाम सावकाश केले. नागपाड्यासारख्या वस्त्यांतून उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत घुसली, त्यामुळे जी दाटी मोडायची होती ती पलीकडे सरकून वाढली. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या भूखंडांवर कारकून, वकील, डॉक्टर, शिक्षक अशा मध्यमवर्गाने घरे बांधली. कामगारांसाठी बीआयटी चाळी झाल्या खऱ्या, आणि त्या काळाच्या मानाने त्या भक्कम आणि हवेशीरही होत्या, पण त्या पुरेशा कधीच नव्हत्या. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये पन्नास आणि एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे बावीस वर्षे राहिले, आणि नंतर १९३० च्या दशकात ते हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृहा’त राहायला गेले. म्हणजे त्यांची मुंबईतली ही दोन्ही प्रसिद्ध घरे ट्रस्टच्याच जमिनीवरची. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्यासाठी केवढी विद्वत्ता आणि किती वर्षे लागली, हे पाहिले की प्लेगने आखलेल्या शहरातले अंतर कळते.

प्लेगचा दुसरा वारसा कायद्याचा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर झाला. मुळात चार कलमांचा असलेला हा कायदा सरकारला जवळजवळ काहीही करण्याची मुभा देतो आणि त्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याला दाव्यापासून संरक्षण देतो. नागरिकाला अन्न, निवारा, भरपाई यांतले काय मिळेल, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरात, माजघरात, देवघरात शिरून झडत्या घेतल्या, त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांच्या गोळ्यांत झाली, आणि त्यानंतर टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची सजा झाली. हा भाग आपण शाळेत शिकतो. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हे मात्र आमच्या वेळच्या पुस्तकात एका ओळीतही नव्हते. आमच्या शाळेने प्लेगचा संबंध पिस्तुलाशी जोडला, शुश्रूषेशी जोडला नाही.

मुंबईतही संताप होताच. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसांची मोमियाई, म्हणजे अंगातला औषधी अर्क, काढतात, अशा वावड्या उठल्या होत्या. त्यांना अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. नेलेली माणसे बहुतेक मरतच होती आणि नातेवाइकांना आत सोडत नव्हते. शेवटी सरकार नमले आणि निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेगची इस्पितळे उघडू दिली गेली. जात न पाहणाऱ्या रोगाला आपण जातवार इस्पितळांनी उत्तर दिले.

याच गदारोळात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. लोक सुईला घाबरत होते, तेव्हा विशीही न ओलांडलेल्या तिसऱ्या आगाखानांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. रँडच्या सोजिरांनी जे साधले नाही ते विश्वासातल्या माणसाच्या एका उघड्या दंडाने साधले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये स्थिरावलेली ती प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. या माणसाला पंजाबात लसीच्या एका कुपीतून धनुर्वात होऊन १९ माणसे दगावल्यामुळे १९०२ नंतर बदनामी सोसावी लागली आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले, तोवर त्याची उमेदीची वर्षे गेली होती.

मग १९१८ चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये गोदीजवळच्या पहाऱ्यावरचे पोलीस शिपाई आजारी पडले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत शहराची स्मशाने अपुरी पडली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. पाऊस दगा देऊन गेला होता, महायुद्धामुळे धान्य महाग होते. देशभरात एक कोटीहून जास्त माणसे गेली, आणि १९११ ते १९२१ हे भारताच्या जनगणनेतले लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले. मुंबईच्या त्या वेळच्या आकड्यांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो दरहजारी मृत्यूंचा: युरोपियनांत ८.३, इतर हिंदूंत १८.९, आणि नोंदीत ‘खालच्या जातीचे’ म्हटलेल्या हिंदूंत ६१.६. ट्रस्टच्या स्थापनेला तेव्हा वीस वर्षे झाली होती.

हे आकडे वाचल्यावर २०२० च्या जुलैतले सर्वेक्षण आठवल्याशिवाय राहत नाही. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन विभागांत रक्ताच्या चाचण्या केल्या, तेव्हा झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इतर वस्तीत १६ टक्के लोकांच्या अंगात करोनाची प्रतिपिंडे आढळली. संसर्ग आणि मृत्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. पण एका संडासाच्या रांगेत अख्खी गल्ली उभी राहते तिथे ‘अंतर राखा’ या सूचनेला काय अर्थ होता, तेवढे या दोन आकड्यांवरून नक्की समजते. त्या मार्चमध्ये महाराष्ट्राने जो कायदा लागू केला तो १८९७ चाच. लोकलगाड्या थांबल्या, मजुरी थांबली, आणि माणसे नाशिकच्या महामार्गाने चालू लागली. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. १८९७ मध्ये पळणाऱ्या माणसाला निदान आगगाडी मिळत होती.

त्यानंतर आपण काय बांधले, हे मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. मुंबईत झोपड्यांच्या जागी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यांच्यासाठी मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती दिल्या जातात. गोवंडी-मानखुर्दच्या काही वसाहतींत सात मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. अशी इमारत २१ मीटर उंच धरली, तर ऑरसाहेबांच्या कोनाप्रमाणे साडेदहा मीटर हवे होते. या वसाहतींतल्या उजेड-वाऱ्याचा आणि क्षयाचा अभ्यास झालेला आहे, आणि ज्या खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही तिथे क्षयाचे रुग्ण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे पाव रुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशाच्या सगळ्यात श्रीमंत शहरात शासनाच्या परवानगीने अशी घरे बांधली जातात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचे घर अशाच एका वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. त्यांच्या मुलाला क्षयाच्या गोळ्या सुरू होत्या तेव्हा मी भेटायला गेले होते. दुपारचे बारा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट चालू होती. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोरच्या बाईच्या वाळत घातलेल्या साडीचे काठ ओळखता येत होते. खाली दोन इमारतींच्या फटीत कचऱ्याचा थर, आणि वरून गळणाऱ्या पाइपाचे पाणी त्यावर टपकत होते. “काकू, ट्यूब बंद केली तर दिवसाबी भाजी निवडता येत न्हाई, आन् खिडकी उघडली तर वरून कचरा येतो,” असे त्या म्हणाल्या, आणि लगेच, “पण आपल्या नावावर झालंय घर,” असेही म्हणाल्या. ही दोन्ही वाक्ये तितकीच खरी आहेत, आणि पहिल्या वाक्यासाठी दुसरे सोडून द्या असे त्यांना सांगण्याचा अधिकार मला नाही. अंधार आणि मालकी हक्क यांची सांगड त्यांनी घातलेली नाही. ती नियम करणाऱ्यांनी घातलेली आहे.

आणि ही फक्त त्यांच्यापुरती गोष्ट राहिलेली नाही. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेत विकासकाच्या माणसाने पडद्यावर नकाशे दाखवले. चटई क्षेत्र किती वाढणार, कॉर्पस (विकासकाने द्यायचा निधी) किती, गाड्या कुठे लागणार, यावर दोन तास घमासान झाले. शेजारच्या प्रस्तावित टॉवरपासून आपली भिंत किती अंतरावर असेल, हा प्रश्न कोणी काढला नाही, आणि नकाशात तो आकडा बारीक अक्षरांत कडेला होता. शेजारच्या आजोबांनी एवढेच विचारले की सकाळचे ऊन गॅलरीत येईल का. त्यांना ‘गॅलरीच नाही, आजोबा, ती जागा हॉलमध्ये घेतली आहे’ असे उत्तर मिळाले आणि सभेने ते आनंदाने स्वीकारले.

ज्यांच्या इमारती या वाटेवर आहेत, त्यांनी आराखड्यावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात असे माझे सांगणे आहे: चारही बाजूंचे मोकळे अंतर मीटरमध्ये, शेजारी मंजूर झालेल्या किंवा होऊ घातलेल्या इमारतीची उंची, आणि तळाच्या राहत्या मजल्यावर डिसेंबर महिन्यात किती तास ऊन येईल याची वास्तुविशारदाने सही केलेली आकृती. आणि जे विकास नियंत्रण नियमावलीवर हरकती-सूचना पाठवतात, त्यांनी एक ओळ जरूर लिहावी, की विक्रीच्या इमारतीला जे अंतर बंधनकारक आहे तेच पुनर्वसनाच्या इमारतीला असावे, आणि त्यात कोणत्याही अधिकाऱ्याला सवलत देता येऊ नये. माझी सूचना मी लिहून ठेवली आहे; कोणाला मसुदा हवा असल्यास इनबॉक्समध्ये कळवावे.